कार्लाइलचा १९१२ सालचा हंगाम

श्रोतेहो, आज ज्या फुटबॉलची हकीकत मी सांगणार आहे तो आपल्या शाळेच्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. अमेरिकेत ह्याच नावाचा एक निराळा आणि भलता दांडगा खेळ चालतो. त्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बहुतेक वेळ हातात धरून पळायचा, संधी मिळाली तर पुढच्या सोबत्याकडे फेकायचा. लाथ मारण्याचे प्रसंग मोजकेच. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. चेंडू घेऊन पळणाऱ्याला प्रतिपक्षाने कवेत धरून जमिनीवर पाडायचं. आपल्या हुतूतूमध्ये चढाई करणाऱ्याला पकड घालतात तसाच प्रकार, पण इथे पकडीच्या आधी जोराची धडक बसते. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की 'टचडाउन' झाला.

हा खेळ किती जिवावरचा होता ते पाहा. १९०५ साली मैदानावर इतके तरुण दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठमोठ्या विद्यापीठांच्या क्रीडाधुरिणांना बोलावून घ्यावं लागलं. त्यानंतर नियम बदलत गेले. १९०६ साली चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. १९१२ साली आणखी बदल झाले: दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या, टचडाउनला पाचऐवजी सहा गुण ठरले, आणि चेंडू किती लांब फेकावा ह्यावरचं बंधन उठलं. नुसत्या वजनाने रेटारेटी करणाऱ्या संघापेक्षा चपळ आणि डोकेबाज संघाला ह्या बदलांचा अधिक लाभ होणार होता. ज्या संघाने तो त्या वर्षी सर्वांत जास्त घेतला, त्याच्या खेळाडूंच्या मायभाषा इंग्रजी नव्हत्या. त्यांच्या शाळेत त्या मायभाषा बोलायलाही बंदी होती.

ह्या शाळेचं नाव कार्लाइल. पेनसिल्व्हेनिया संस्थानातल्या कार्लाइल गावी लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या. तिथे १८७९ साली रिचर्ड हेन्‍री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहासह शाळा काढली. ज्यांना आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत 'तांबडे इंडियन' म्हणत, तेच हे लोक. वस्तुतः ते शेकडो जमातींचे, भाषा निरनिराळ्या, चालीरीती निरनिराळ्या. कोलंबसाच्या चुकीमुळे सर्वांना एकच नाव चिकटलं.

प्रॅट हा दुष्ट मनुष्य नव्हता. त्याच्या काळातले पुष्कळ गोरे लोक ह्या जमाती नष्टच व्हाव्यात असं उघड बोलत. प्रॅट म्हणे, माणसं राहू द्या, त्यांच्यातलं 'इंडियनपण' तेवढं मारून टाका. पहिली मुलं आणायला तो स्वतः डाकोटा मुलुखात गेला. तिथल्या लाकोटा जमातीचा पुढारी स्पॉटेड टेल मुलं द्यायला तयार होईना. तेव्हा प्रॅटने त्याला असं पटवलं की, तुम्हांला लिहितावाचता आलं असतं तर सरकारशी केलेल्या तहांत तुमची अशी फसवणूक झाली नसती. हा मुद्दा बिनतोड होता. स्पॉटेड टेलने आपली मुलं पाठवली. पुढल्याच वर्षी तो शाळा पाहायला आला, मुलांना लष्करी पोशाखात कवायत करताना पाहून संतापला आणि आपली मुलं घेऊन परत गेला. सर्वांच्या आईबापांना एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं.

आल्याबरोबर मुलांचे केस कापले जात. लाकोटा लोकांत केस कापतात ते सुतकात. त्यामुळे पोरांनी हंबरडा फोडला, आणि तो का फोडला ते शिक्षकांना कळेना. मग नावं. फळ्यावर इंग्रजी नावं लिहून ठेवलेली. मुलाच्या हातात छडी द्यायची आणि त्याने एका नावावर टेकवायची. अक्षर म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही तो काय निवडणार! लूथर स्टँडिंग बेअर हा पहिल्या तुकडीतला मुलगा पुढे लेखक झाला. त्याने आपलं 'लूथर' हे नाव असंच मिळाल्याचं लिहून ठेवलं आहे. हे ऐकणाऱ्या शिक्षकबंधूंनी आपापल्या हजेरीपुस्तकातल्या नावांवरून एकवार नजर फिरवावी, एवढंच सुचवतो.

अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, शेती. सुटीत घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला ठेवायचं. कार्लाइलला कॉलेज म्हणणं हे खरं तर सौजन्य आहे. तिथलं शिक्षण आपल्या माध्यमिक शाळेच्या पलीकडे फारसं जात नव्हतं. पण त्याचा फुटबॉल मात्र हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांशी चाले, आणि वर्तमानपत्रं त्याला त्याच पंक्तीत बसवीत.

फुटबॉल तिथे कसा आला तेही ऐकण्यासारखं आहे. १८९० च्या सुमारास एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला. प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी केली. काही वर्षांनी चाळीसएक मुलं रांगेने त्याच्या कचेरीत येऊन उभी राहिली आणि त्यांच्यातल्या उत्तम वक्त्याने बंदी उठवण्याची विनंती केली. प्रॅट भाषणावरच खूष झाला असावा. त्याने दोन अटी घातल्या: कोणी कितीही डिवचलं तरी ठोसा मारायचा नाही, कारण मारलात तर लोक म्हणतील, बघा, रानटी ते रानटीच, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचं. पहिली अट दुसरीपेक्षा अवघड होती असं मला वाटतं. समोरच्याने नाकावर मारलं तर तो खेळ, आणि ह्यांनी मारलं तर तो त्यांच्या जातीचा गुण!

१८९९ साली ग्लेन वॉर्नर हा प्रशिक्षक आला. मध्ये तीन वर्षं तो दुसरीकडे गेला, १९०७ साली परतला. हा शिकलेला वकील, आणि खेळातही त्याचं डोकं वकिलाचंच: नियमात जे स्पष्ट मना केलेलं नाही ते करायला मोकळीक आहे असं तो धरून चाले. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध कार्लाइलच्या मुलांनी एका घोळक्याआड चेंडू आपल्या एका गड्याच्या सदऱ्यात पाठीमागून खुपसला आणि सगळे चारी दिशांना पांगले. हार्वर्डचे गडी चेंडू शोधत राहिले. तोवर पाठीवर कुबड आलेला तो पठ्ठ्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचलाही होता. तो सामना हार्वर्डनेच १२-११ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते कुबड. मुलं अंगाने लहान, वजनाने हलकी. म्हणून वॉर्नरने वेग, हुलकावणी आणि लांब फेक ह्यांवर भर दिला. १९०७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला त्यांनी २६-६ असं हरवलं तेव्हा त्यांच्या फेकींनी प्रेक्षक थक्क झाले.

आता १९१२. त्या उन्हाळ्यात स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले. एकट्या कार्लाइलचे दोन विद्यार्थी तिथे अमेरिकेतर्फे उतरले. पहिला जिम थॉर्प, ओक्लाहोमातल्या सॉक अँड फॉक्स जमातीचा. त्याने पाच प्रकारांची पेंटॅथ्लॉन आणि दहा प्रकारांची डेकॅथ्लॉन अशा दोन्ही शर्यतींत सुवर्णपदकं मिळवली. दुसरा लुई टेवानिमा, अॅरिझोनातल्या होपी जमातीचा. त्याने दहा हजार मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवलं. हा टेवानिमा कार्लाइलला विद्यार्थी म्हणून हौसेने आलेला नव्हता. आपल्या मुलांना सरकारी शाळेत घालायला विरोध केलेल्या होपी लोकांपैकी तो एक, १९०७ साली जवळजवळ कैदी म्हणूनच आणलेला. आणि मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा अमेरिकेत झाला तो १९२४ साली. देशाला पदकं आधी मिळाली, आणि पदकं मिळवणाऱ्यांच्या लोकांना देश बारा वर्षांनी मिळाला!

ऑगस्टमध्ये कार्लाइल गावात दोघांचं जंगी स्वागत झालं. महिनाभरातच फुटबॉलचा हंगाम उभा राहिला. थॉर्प आता पंचवीस वर्षांचा होता. प्रतिस्पर्धी तक्रार करीत की ह्यांचे गडी शाळकरी कसले, बाप्ये आहेत, आणि ह्या तक्रारीत तथ्य होतं. त्याच्याबरोबर चेंडूची सूत्रं हलवणारा गस वेल्श, विस्कॉन्सिनचा चिपेवा. मिनेसोटाचा जो गायन, तोही चिपेवा. शिवाय अॅलेक्स आर्कासा आणि जो बर्गी. सप्टेंबरात जवळपासच्या लहान कॉलेजांना त्यांनी सहज लोळवलं: ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-०. मग व्हिलानोव्हा ६५-०. ऑक्टोबरच्या ५ तारखेला वॉशिंग्टन अँड जेफर्सन ह्या कॉलेजाने मात्र त्यांना ०-० असं रोखून धरलं. पुढच्या आठवड्यात सिरॅक्यूज. आदल्या वर्षी कार्लाइल एकच सामना हरलं होतं, तोही ह्याच सिरॅक्यूजशी, अवघ्या एका गुणाने. ह्या खेपेला ३३-० अशी परतफेड झाली. पिट्सबर्गला ४५-८.

ऑक्टोबर लागल्यापासून हंगाम संपेपर्यंतचे मोठे सामने सगळे परगावी झाले. सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन. वॉशिंग्टनला शनिवारी जॉर्जटाउनशी ३४-२० असा सामना आटोपून सोमवारी थेट कॅनडातल्या टोरांटोला. रेल्वेच्या डब्यात झोपायचं, उठून खेळायचं. कारण सरळ होतं. कार्लाइल गाव लहान, मोठ्या शहरांत प्रेक्षक जास्त, आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा शाळेच्या क्रीडानिधीत येई. मुलांना त्या पैशाचा हिशेब कोणी दाखवत नव्हतं. ह्या निधीकडे आपण पुन्हा येऊ.

नोव्हेंबरची ९ तारीख. स्थळ वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकेच्या भूसेनेची प्रबोधिनी. सेनाधिकारी इथे घडतात. समोर लष्करी छात्रांचा संघ. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडं थांबावंसं वाटतं. डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी येथे ह्याच सैन्याने लाकोटांच्या तळावर गोळीबार करून दीडशेहून अधिक माणसं मारली, त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ. त्या गोष्टीला बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ते साल पाहिलेली माणसं ह्या खेळाडूंच्या घरोघर जिवंत होती. सामन्यापूर्वी वॉर्नरने मुलांना सांगितलं म्हणतात की, तुमच्या बापआज्यांशी लढले ते ह्यांचे बापआजे, आज हिशेब चुकता करा. वॉर्नर स्वतः गोरा. त्याच्या आजोबांना कोणी जमिनीवरून हुसकलं नव्हतं. पण मुलांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज होती असं नाही.

पहिला टचडाउन लष्कराने केला. मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं एका गुणाने पुढे होतं. खेळ रासवट झाला. कार्लाइलच्या एका गड्याला पंचांनी ठोसा मारल्याबद्दल बाहेर काढलं. प्रॅटची अट तिथे मोडली. उत्तरार्धाच्या सुरुवातीला लष्कराचा कप्तान लेलंड डीव्हर हा गायनच्या अंगावर धावून गेला, आणि त्यालाही बाहेर जावं लागलं. त्यानंतर लष्कराची फळी फुटली. वॉर्नरने गडी उभे करण्याची एक नवी रचना बसवली होती. तीत चेंडू नेमका कोणाकडे जाणार ते समोरच्याला कळत नसे. सगळ्यांचं लक्ष थॉर्पवर, आणि चेंडू आर्कासाकडे! आर्कासाने तीन टचडाउन केले, बर्गीने एक. थॉर्प मधूनमधून स्वतः चेंडू घेऊन पळे, तेव्हा त्याला खाली पाडायला दोघंतिघं लागत.

लष्कराच्या संघात कॅन्सस संस्थानातला ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा छात्र होता. होय, दुसऱ्या महायुद्धातले सेनापती आणि १९५३ पासून १९६१ पर्यंत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, तेच हे. थॉर्पला एकाने वरून आणि एकाने खालून धरून मैदानाबाहेर घालवायचं असा बेत त्याने एका जोडीदाराबरोबर केला होता. थॉर्प ऐन वेळी थबकला आणि हे दोघं एकमेकांवर आदळले. दोघांनाही बदलावं लागलं. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका सामन्यात आयझेनहॉवरचा गुडघा दुखावला आणि त्याचा फुटबॉल कायमचा सुटला. उतारवयात आपल्या एका भाषणात त्यांनी थॉर्पचा मोठ्या आदराने उल्लेख केला.

शेवटी गुण झाले कार्लाइल २७, लष्कर ६. ह्या विजयाने कोणाची एक एकर जमीनही परत मिळाली नाही. परंतु ज्या बराकींतून पूर्वी मूळ रहिवाशांवर पाठवायचे घोडेस्वार तयार होत, त्या बराकींत राहणाऱ्या मुलांनी सैन्याच्या अंगणात जाऊन, सैन्याच्याच पंक्तीतल्या प्रेक्षकांसमोर, उघड नियमांनी सैन्याला हरवलं.  तहात नियम एका बाजूने बदलत. मैदानावर रेषा चुन्याने आखलेल्या होत्या आणि त्या दोघांनाही दिसत होत्या. आपलेपण पुसण्यासाठी उघडलेल्या शाळेत त्या मुलांना स्वतःचं म्हणून दाखवता येईल अशी ही एक जागा सापडली.

मात्र पुढच्याच शनिवारी हा संघ फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा हरला. पेनसिल्व्हेनियाने त्या हंगामात आधी अनेक सामने गमावलेले होते. मोठ्या लढाईनंतर जीव सैल पडतो, त्यातलाच हा प्रकार; शिवाय प्रवासाचा शीण. नंतर स्प्रिंगफील्डला कसाबसा ३०-२४ असा विजय, आणि २८ नोव्हेंबरला ब्राउन विद्यापीठावर ३२-० असा खणखणीत विजय मिळवून हंगाम संपला. चौदा सामने, बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी. एकंदर गुणांत देशातला कोणताही संघ त्यांच्या पुढे नव्हता.

जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने छापलं की थॉर्पने १९०९ आणि १९१० साली नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. पैसे म्हणजे दिवसाला दोनएक डॉलर. कॉलेजांची पुष्कळ मुलं सुटीत असं खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला, म्हणून सापडला. हौशी खेळाडूंच्या नियमावर बोट ठेवून त्याची पदकं काढून घेतली. तक्रार सामन्यांनंतर तीस दिवसांच्या आत यायला हवी असा ऑलिंपिकचाच नियम होता, तो कोणी पाहिला नाही. वॉर्नरने मला काहीच ठाऊक नव्हतं म्हणून हात झटकले. आपल्या मुख्य खेळाडूची दोन वर्षांची गैरहजेरी त्याच्यासारख्या चाणाक्ष माणसाच्या ध्यानात आली नसेल, हे मला तरी पटत नाही. थॉर्प १९५३ साली वारला. पदकं त्याच्या नावावर परत लागली १९८२ साली, तीही दुसऱ्यांच्या जोडीने. एकट्याचा पहिला क्रमांक मान्य व्हायला २०२२ साल उजाडलं.

आता तो क्रीडानिधी. सामन्यांचा पैसा येत होता त्या काळात शाळेत मुलांना पुरेसं खायला मिळत नव्हतं. १९१३ साली विद्यार्थ्यांनीच तक्रारअर्ज तयार केला, दोनशेहून अधिक सह्या झाल्या. पुढाकार घेणारा होता सैन्याविरुद्ध सूत्रं हलवणारा तोच गस वेल्श. १९१४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसची समिती कार्लाइलला येऊन बसली. मुलांनी साक्षी दिल्या. एका मुलीला फळीने मारल्याचं उघडकीला आलं. क्रीडानिधीतून वॉर्नरचं घर बांधलं होतं, शाळेची स्तुती छापण्यासाठीही पैसा खर्च झाला होता. वॉर्नर खेळाडूंना शिव्या देतो, मारतो, हेही त्याच्याच खेळाडूंनी सांगितलं. लिहायला वाचायला शिकलात तर तुमची फसवणूक होणार नाही, असं प्रॅटने स्पॉटेड टेलला सांगितलं होतं. चौतीस वर्षांनी ह्या मुलांनी ते शिक्षण वापरलं ते शाळेविरुद्ध अर्ज लिहायला. अधीक्षकाची नोकरी गेली. वॉर्नरने त्या वर्षीचा हंगाम पुरा केला आणि १९१५ साली तो पिट्सबर्गला गेला. तिथेही तो नामांकित प्रशिक्षक म्हणूनच गाजला.

कार्लाइलचा फुटबॉल त्यानंतर ढासळला. १ सप्टेंबर १९१८ रोजी शाळाच बंद झाली, कारण पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी लष्कराला इमारती परत हव्या होत्या. टेवानिमा त्याआधीच आपल्या गावी परतला होता. तो मेंढ्या राखीत आणि देवकार्यं करीत १९६९ पर्यंत जगला. वेल्श पहिल्या महायुद्धात लढून आला आणि पुढे स्वतः कॉलेजांच्या संघांचा प्रशिक्षक झाला.

एकूण एकोणचाळीस वर्षांत सुमारे ७,८०० मुलं ह्या शाळेत येऊन गेली, १४० हून अधिक जमातींची. परत न गेलेल्यांची दफनभूमी आवारातच आहे. १८० च्या आसपास कबरी, बहुतेक क्षयाने आणि इतर साथींनी गेलेल्या मुलांच्या. त्यांतल्या काही दगडांवरची नावंसुद्धा चुकीची कोरलेली आहेत. २०१७ पासून अमेरिकन सैन्य ह्या मुलांचे अवशेष उकरून त्यांच्या त्यांच्या जमातींच्या हवाली करू लागलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी हे आवार राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलं. त्याच आवारात लष्कराचं उच्च शिक्षणाचं विद्यालय १९५१ पासून चालत आलं आहे. थॉर्प आणि वेल्श जिथे सराव करीत ते मैदानही तिथेच आहे, आणि त्याला अजून 'इंडियन फील्ड' असंच म्हणतात.